तलफ आली की पाय मोकळे करा

आज आम्ही बचतीचा हिशोब बाजूला ठेवणार आहोत. आज बोलायचं आहे मशेरीबद्दल. कुणी मशेरी म्हणतं, कुणी मिसरी. वस्तू एकच. आणि विशेष करून बोलायचं आहे त्या बहिणींशी, ज्यांना दिवस गेले आहेत.

दवाखान्यात सिस्टर विचारतात, "तंबाखू खाता का?" आपण म्हणतो, "नाही." आपल्या मनाने ते खोटं नसतं, कारण मशेरीला आपण तंबाखू समजतच नाही. दात घासायची वस्तू समजतो. पण मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच. ती हिरडीला लावली की तिच्यातलं निकोटीन थेट रक्तात जातं. रक्तातून वारेत जातं आणि वारेतून बाळाकडे. निकोटीनने रक्ताच्या नळ्या आवळतात, म्हणून बाळाला मिळणारं रक्त कमी पडतं.

मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू खाणाऱ्या किंवा लावणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. अडीच किलोच्या काठावरच्या बाळाला शंभर ग्रॅम म्हणजे फार झाले. सणाची भांग किंवा घरात कुणाचा गांजा असेल, तर त्यालाही हेच लागू. पोटुशी बाईने त्यापासूनही लांबच राहावं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं कळलं, पण सुटत नाही त्याचं काय? बरोबर आहे. सकाळी मशेरी लावली नाही तर पोट साफ होत नाही, डोकं जड होतं, कामात लक्ष लागत नाही. शिवाय मशेरीची एक वेळ असते आणि एक संगत असते. ओट्यावर दोघी-तिघी बसतात, डबी फिरते, सुखदुःखाचं बोलणं होतं. डबी सोडायची म्हणजे ती बैठकही सोडायची. खरं अवघड तेच असतं.

म्हणून आम्ही गटात सांगतो की डबी टाकण्याआधी त्या वेळेला दुसरं काहीतरी द्या. तलफ दिवसभर सारखी राहत नाही. ती चढते, काही मिनिटं छळते आणि उतरते. तेवढी मिनिटं चालण्यात घालवायची. तलफ आली की उठायचं, चप्पल घालायची आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. दहा मिनिटं पुरतात. सिगारेट ओढणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासांत दिसलं आहे की थोडं चाललं तरी त्या वेळची तलफ कमी होते. मशेरीतही तेच निकोटीन आहे.

मात्र चालणं ही जादू नव्हे, हेही सांगायला हवं. इंग्लंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या सुमारे ८०० गरोदर बायकांवर प्रयोग झाला. निम्म्यांना समुपदेशन आणि जोडीला व्यायाम दिला, निम्म्यांना फक्त समुपदेशन. २०१५ साली त्याचा निकाल आला. शेवटपर्यंत सिगारेट सुटलेल्या बायका दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच निघाल्या. म्हणजे चालण्याने ती वेळ टळते, पण सवय मोडायला माणसांची साथही लागते.

ती साथ गट देऊ शकतो. एका गटात आम्ही प्रत्येक गरोदर बहिणीला एक जोडीदारीण ठरवून दिली. सकाळी मशेरीच्या वेळेला जोडीदारणीने दारात हाक मारायची आणि दोघींनी देवळापर्यंत जाऊन यायचं. एक ताई दिवसातून चार वेळा लावायची. ती आधी दोनवर आली, मग एकावर. सकाळची एक तिला फार जड गेली. तिची सासूबाई घरात मशेरी भाजायची, वास आला की हात डबीकडे जायचा. शेवटी गटातल्या मोठ्या बायका जाऊन सासूबाईंशी बोलल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "काकू, नातवंडासाठी भाजणं तेवढं घराबाहेर करा." त्यानंतर सकाळचीही सुटली. सगळ्यांचं असंच होतं असं नाही. कुणी सोडते, पुन्हा लावते, पुन्हा सोडते. तिला बैठकीत बोल लावू नका. बोल लावले की ती लपवून लावते आणि मग सिस्टरलाही सांगत नाही.

काही जणी म्हणतात, "आम्ही पाणी आणतो, खुरपतो, दिवसभर उभ्याच असतो, वर आणखी काय चालायचं?" बाई गं, ते कष्ट झाले. हे चालणं डोक्यावर ओझं नसलेलं, आपल्या चालीने, सावलीत, सकाळ-संध्याकाळचं. चालताना बोलता आलं पाहिजे. धाप लागून बोलणं तुटलं तर थांबा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की अडचण नसलेल्या गरोदर बाईने आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम हालचाल करावी. दहा-दहा मिनिटांनी ती भरून निघतात. भरपूर पाणी, पालेभाजी आणि हे चालणं असलं की पोटही मशेरीवाचून साफ होऊ लागतं. दात घासायला साधी पेस्ट घ्या.

आधी मात्र विचारून घ्या. रक्तदाब जास्त असेल, रक्त फार कमी असेल, जुळं असेल, वार खाली असेल किंवा आधीचं बाळंतपण लवकर झालं असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय चालायला सुरुवात करू नका. चालताना अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, पोटात कळा आल्या, चक्कर आली, डोकं फार दुखलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर लगेच थांबा आणि आशाताईला बोलवा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. या वेळी जाल तेव्हा सिस्टरने विचारायची वाट पाहू नका. स्वतःहून सांगा, "मी मशेरी लावते, मला सोडायची आहे." फोनवरून सल्ला हवा असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत क्रमांक आहे.

आणि गटातल्या बाकीच्या मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक काम करा. आपल्या गटात कोण पोटुशी आहे आणि उद्या सकाळी तिला हाक मारायला कोण जाणार, हे ठरवूनच उठा.