रिकामी जागा रिकामी ठेवू नका

दाढ काढली, दुखणं थांबलं, की तिची जागा बहुतेकदा तशीच राहते. पण ती रिकामी ठेवू नका. शेजारचे दात हळूहळू त्या जागेत कलतात. समोरच्या जबड्यातली दाढ खाली किंवा वर सरकते. मग फटीत अन्न अडकतं, आणि चांगले दातही किडतात.

यावर एक उपाय म्हणजे ब्रिज. दोन्ही बाजूंच्या दातांवर कॅप बसवतात. मधला कृत्रिम दात त्यांना जोडलेला असतो. त्यासाठी चांगले दात घासून लहान करायचे का, ही शंका रास्त आहे. ते अगदी निरोगी असतील, तर आधी इम्प्लांटचा, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायच्या कृत्रिम दाताचा, विचार करावा. पण त्यांत बरंच सिमेंट भरलेलं असेल, तर कॅपने त्यांनाही आधार मिळतो. मात्र कॅपच्या आतला दात खराच असतो, तो किडू शकतो. म्हणून ब्रिजखालीही रोज सफाई हवी. दाढ काढतानाच डॉक्टरांना विचारा, ही जागा कशी भरायची?