फटफटीची भूक

इंदापूर तालुक्यांतील वरकुट्यास राहणाऱ्या माझ्या भाच्यानें मोटारसायकलीचा सायलेन्सर बदलला. तेव्हांपासून उतारावर गाडी फटाके उडवूं लागली. ‘मामा, फ्युएल ट्यूनर कोणता घेऊं?’ असें त्यानें विचारलें.

शुद्ध पेट्रोलाचा एक भाग पुरता जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. उसाच्या इथेनॉलाची भर पडली कीं थोडी कमी. धुराची वाट मोकळी झाली म्हणजे हवा वाढते, पेट्रोलाचें माप मात्र जुनेंच राहतें. मिश्रण विरळ होऊन एंजिन तापतें. स्वस्त डबी ऑक्सिजन-मापकाला नुसती फसविते. चांगली पेटी एंजिनाची गति व थ्रॉटल पाहून इंजेक्टर उघडा राहण्याचा काळ बदलते. घ्यावयाचीच तर दुसरी, तीहि आपल्याच गाडीच्या जातीची.

पण आधीं नळीचा सांधा पाहा, असें मीं कळविलें. तेथून हवा शिरली तरी असाच आवाज होतो. शिवाय निर्मात्याच्या नोंदीविरुद्ध फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ मनाई करतें, हेंहि लिहिलें.

परवां उत्तर आलें. सांधा सैलच होता. ट्यूनरचे पैसे वांचले. जुना सायलेन्सर मात्र अजून माळ्यावरच आहे, आणि त्याची आजी कानांत कापूस घालून निजते.