मोडलेला पाय आणि सकाळचे अंगण

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. मळ्याच्या बांधावरून पाय घसरला आणि माझा उजवा घोटा मोडला. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये आणि मी खाटेवर. प्लास्टर निघाले त्या दिवशी वाटले, सुटलो एकदाचा! पण पायाकडे पाहिले आणि पोटात धस्स झाले. पोटरी पार वाळून गेलेली, घोटा गंजलेल्या बिजागरीसारखा. मांडी घालता येईना, मग उकिडवे बसणे तर दूरच. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय. आता पाय मात्र तुमचा तुम्हालाच कमवायचाय."

ते ऐकले आणि मला अण्णा आठवले. अण्णा म्हणजे माझे वडील. मी पहिलीत होतो तेव्हा त्यांच्या घोट्यावरून बैलगाडीचे चाक गेले. त्यांचेही हाड जुळले होते. पण पुन्हा मोडेल या भीतीने त्यांनी तो पाय महिनोन्‌महिने जपून, ताठ ठेवला. घोटा आखडला तो कायमचा. आजही ते लंगडत चालतात. आपलेही तसेच होणार की काय, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही.

सांधा आखडतो तो का? आपल्या सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. त्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यात वंगणासारखा एक द्रव असतो, त्यातून तिचे पोषण होते. आणि पाय हलला तरच तो द्रव तिच्यात नीट खेळतो. शिवाय न वापरलेले स्नायू झपाट्याने झडतात. म्हणून विश्रांती हवीच, पण तिची मुदत संपली की हालचालही तितकीच हवी.

दवाखान्यातल्या व्यायामोपचाराच्या बाईंनी मला चार हालचाली शिकवल्या. त्या करताना लक्षात आले, अरे, ही तर आपल्या ओळखीची आसनेच! पाय पसरून ताठ बसायचे, हे दंडासन. तसे बसून पाऊल आपल्याकडे ओढायचे, मग पुढे ढकलायचे, दहा-दहा वेळा. दुसरी हालचाल पंचाची. तळव्याला पंचा अडकवून दोन्ही टोके हलकेच ओढायची आणि पाच सावकाश श्वास थांबायचे. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार आसनांसाठी दोर, पट्टे, खुर्च्या वापरत असत. आपला पंचा म्हणजे खेड्यातला पट्टाच म्हणा ना! खुद्द अय्यंगारांनाही १९७९ साली स्कूटरचा अपघात झाला होता आणि आसने त्यांना पुन्हा धीराने कमवावी लागली होती.

पहिले चार दिवस हे सारे मी माजघरात केले. नजर घड्याळावर, दात आवळलेले, श्वास कोंडलेला. पाचव्या दिवशी अण्णांनी घोंगडी उचलली आणि अंगणात लिंबाखाली अंथरली. "उन्हात बस की जरा," म्हणाले.

आणि काय सांगू! कार्तिकातले कोवळे ऊन पोटरीवर आले, गोठ्यात धार काढल्याचा आवाज येत होता, डोक्यावर साळुंक्यांचे भांडण चाललेले. पाय ओढता ओढता मी ते भांडण ऐकत राहिलो आणि श्वास आपोआप मोकळा झाला. आसन स्थिर असावे आणि सुखाचे असावे, हे पतंजलींचे म्हणणे मी वर्गात अनेकदा सांगितले होते. 'सुखाचे' या शब्दाचा अर्थ मात्र त्या दिवशी घोंगडीवर कळला.

पुढे डॉक्टरांनी पायावर भार द्यायला परवानगी दिली. मग लिंबाच्या बुंध्याला हात टेकून, दुखरा पाय मागे आणि टाच जमिनीला, असा पोटरीला ताण देऊ लागलो. शेवटी वृक्षासन. दुखापतीनंतर पायाचा तोल बिघडतो, तो असा एका पायावर उभे राहून परत येतो. झाडाला धरून झाड व्हायचे, याची मला मोठी मौज वाटे!

पण श्रोतेहो, दोन गोष्टी गाठीला बांधा. ओढ आणि कळ यांतला फरक ओळखा. ओढ बसली तर चालते. कळ आली की थांबायचे. दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसली, तर व्यायाम निम्मा करायचा. आणि पोटरी एकाएकी सुजली, लाल झाली, किंवा दम लागू लागला, तर घरी वाट न पाहता तडक दवाखाना गाठायचा. अंगण दवाने ओले असेल तर ऊन येऊ द्यावे, जमीन सपाट पाहावी. प्रत्येकाची दुखापत निराळी, म्हणून सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी.

शिक्षकमित्रांना एक विनंती. हात मोडलेला मुलगा प्लास्टर काढून शाळेत येतो आणि कवायतीच्या तासाला कोपऱ्यात बसून राहतो. त्याला कोणत्या हालचाली सांगितल्या आहेत, ते त्याच्या पालकांना विचारा आणि तेवढ्याच त्याच्याकडून मैदानावर, चार मुलांत करवून घ्या.

माघात एका सकाळी मी लिंबाखाली उकिडवा बसलो. टाचा जमिनीला टेकल्या! अण्णा ओट्यावर बसून रोज माझे श्वास मोजायचे. ते बराच वेळ माझ्या पायाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मला तवा कुणी सांगितलंच न्हाई रं."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पण ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. तुमच्या घरात, शेजारी, कुणाचे प्लास्टर नुकतेच निघाले असेल, तर त्याला एवढे जरूर सांगा.