आपल्या माठांतील पाणी



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आम्ही पाण्याविषयीं, तेंही एच्. आय्. व्ही. जडलेल्या आपल्या बांधवांच्या पिण्याच्या पाण्याविषयीं, चार शब्द बोलणार आहों. आपला गोंदिया जिल्हा हा तळ्यांचा मुलूख. कोहळी समाजानें बांधलेल्या तलावांवर येथील भात पिकत आला. पण पावसाळा लागला म्हणजे गांवांतील घाण पाण्याबरोबर उघड्या विहिरींत व फुटक्या नळांत शिरते. निरोगी मनुष्य चार दिवस जुलाबानें हैराण होतो व सुधारतो. ज्याची रोगाशीं झुंजण्याची शक्ति या विषाणूनें पोखरली आहे, त्याचे जुलाब कधीं कधीं महिनोन्‌महिने थांबत नाहींत.

लोकांचें भय मात्र उलट्या दिशेला धांवतें. अशा रोग्याचा पेला निराळा. माठाला त्यानें हात लावावयाचा नाहीं! वस्तुतः हा विषाणु पाण्यांतून, पेल्यांतून वा एका पंगतींत जेवल्यानें पसरत नाहीं. त्याच्यापासून आपल्या माठाला धोका नाहीं. आपल्या माठापासून त्याला आहे. प्रभु येशूनें शोमरोनी स्त्रीपाशीं, जिच्या भांड्याला त्याचे लोक शिवत नसत, स्वतः होऊन पाणी मागितलें. आणि आपल्याच महाराष्ट्रांत १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिऊन माणुसकीचा हक्क बजवावा लागला. निराळा पेला मांडणाऱ्या घरानें हें आठवावें.

विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकली आहे, मग भीति कसली, असें कोणी म्हणेल. ती टाकावीच, पटकी व हगवण तिनें पुष्कळ टळते. परंतु क्रिप्टोस्पोरिडियम नांवाचा एक सूक्ष्म जंतु आहे, त्याचें कवच इतकें चिवट कीं क्लोरिनला तो दाद देत नाहीं. फडक्यांतूनही तो सहज पार होतो. १९९३ सालीं अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं, पाणी शुद्ध करण्याचें कारखाने असतांही, तो नळांत उतरला. सुमारें ४ लाख लोक आजारी पडले. जे दगावले त्यांत बहुतेक एड्सचे रोगी होते. इतक्या मातबर शहराची ही कथा, तर आपल्या विहिरीची काय सांगावी!

हा जंतु उकळीपुढें मात्र टिकत नाहीं. पाणी खळखळून उकळूं लागल्यावर निदान एक मिनिट चुलीवर असूं द्यावें, झांकून निववावें व तोटीच्या भांड्यांत किंवा लांब दांड्याच्या ओगराळ्यानें घ्यावें. हात बुडाला कीं उकळण्याचे श्रम फुकट. दांत घासण्यासही तेंच पाणी. बाजारचा बर्फ नको. लहान वासरांच्या शेणांत हा जंतु पुष्कळदां असतो, म्हणून गोठा झाडण्याचें काम दुसऱ्यानें करावें, किंवा नंतर साबणानें हात धुवावे. जुलाब लागलेच तर जलसंजीवनी द्यावी व डॉक्टरांस गांठावें.

सरकारी केंद्रांतून २००४ पासून या रोगावर औषधें मोफत मिळतात, आणि २०१७ पासून तपासणींत रोग आढळलेल्या प्रत्येकास तीं देण्याचें धोरण आहे. नियमित औषध घेणाऱ्याची शक्ति परत येते. सर्वांत जपावयाचें तें औषध नुकतें सुरू झालेल्यास वा मध्येंच सोडलेल्यास.

आतां सरपणाचें. उकळा म्हणणें सोपें. एकट्या विधवेनें पावसाळ्यांत वाळलें लांकूड आणावें कोठून? धर्मग्रामांतील महिलांनीं मृगापूर्वीं घरोघर फिरून, जेथें जेथें दीर्घ दुखणें आहे तेथें एकेक मोळी पोंचवावी, असें आम्ही सुचवितों. दुखणें कोणतें हें विचारूं नये. संमतीवांचून या रोगाचें नांव उघड करण्यास २०१७ च्या कायद्यानें मनाई आहे. आणि क्षयाच्या रोग्याला, म्हाताऱ्याला, तान्ह्या बाळाच्या आईलाही उकळलेलें पाणी हवेंच असतें.