एकच माल, दहा भाव



मोबाइलवरच्या एकाच बाजारात एकच कुकर एक विक्रेता नऊशेंना देतो आणि दुसरा तेराशेंना मागतो, हे कसे, असे आमचे कामगार बांधव आम्हांला वारंवार विचारतात. दुसरा लुच्चा आहे, हे त्यांचे उत्तरही तयार असते. आम्हांला ते अपुरे वाटते.

2011 सालची गोष्ट घ्या. ‘द मेकिंग ऑफ अ फ्लाय’ हे माशीच्या घडणीवरचे शास्त्रीय पुस्तक. अमेझॉनवर त्याच्या जुन्या प्रती पस्तीस डॉलरांपासून मिळत होत्या. नवी प्रत मात्र दोघेच विकत होते, आणि त्यांतल्या एकाचा भाव त्या एप्रिलात 2 कोटी 36 लाख 98 हजार 655 डॉलरांवर गेला! मायकेल आयझेन या जीवशास्त्रज्ञाने रोज भाव टिपून हे कोडे सोडविले. पहिल्याचे यंत्र दुसऱ्याच्या भावाच्या 0.9983 पट भाव लावी, म्हणजे आपण किंचित स्वस्त दिसावे. दुसऱ्याचे यंत्र पहिल्याच्या सुमारे 1.27 पट लावी. आयझेनचा तर्क असा की, या दुसऱ्यापाशी पुस्तक नसावेच. मागणी आली की पहिल्याकडून घेऊन पाठवायचे, म्हणून आपला नफा त्याने आधीच वर धरला होता. दोन यंत्रे एकमेकांकडे पाहत चढत गेली, मध्ये माणूस नव्हताच. चूक कोणाच्या तरी ध्यानात आल्यावर भाव 106 डॉलरांवर उतरला.

हे वेड झाले. रोजची कारणे साधी असतात. कोणी ट्रकभर माल उचलतो, कोणी डझनभर. दलाली, वाहतूक, परत आलेल्या मालाचा तोटा हे ज्याचे त्याचे निराळे. स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञाने 1961 साली सांगितले की, भाव शोधायलाही श्रम पडतात. जोवर गिऱ्हाईक सगळी दुकाने हिंडत नाही, तोवर महाग विकणाऱ्यालाही गिऱ्हाईक मिळते. मोबाइलने हे हिंडणे संपेल असे वाटले होते. पण पडद्यावर एकच विक्रेता पुढे मांडलेला असतो, बाकीचे मागे एका ओळीत दडवलेले. दुसरी पाळी करून आलेला माणूस ती ओळ उघडीत नाही, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा?

आमच्या बाजार समितीत शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते. तीत हमाली वेगळी, तोलाई वेगळी. 1969 चा माथाडी कायदा झाला तेव्हापासून हमालाची मजुरी ही व्यापाऱ्याची मेहेरबानी राहिली नाही. ऑनलाइन पावतीवर किंमत असते, कर असतो. पोर्टलने विक्रेत्याकडून काय घेतले, गोदामात खोकी बांधणाऱ्या पोरीला काय मिळाले, यांतले काही नसते. नऊशेंच्या त्या कुकरातले चारशे ट्रकभर खरेदीने वाचले की त्या पोरीच्या मजुरीतून कापले, हे नुसत्या आकड्यावरून ओळखता येत नाही. आम्हांलाही येत नाही.