रक्तदान : एका दिवसाचा उत्सव नव्हे, वर्षभराचे व्रत

(भगवान महावीर जन्मकल्याणकानिमित्त आयोजित सुवर्णमहोत्सवी रक्तदान शिबिराच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या शिबिराच्या उद्घाटनाचा मान माझ्यासारख्या कापड दुकानदारास मिळाला, हे मी माझे भाग्य समजतो. मी वक्ता नाही. बी. कॉम. होऊन वडिलांच्या गादीवर बसलो आणि पुढील सारे आयुष्य ताके उलगडण्यात व खतावणी लिहिण्यात गेले. माझा परिचय करून देताना मी 91 वेळा रक्तदान केल्याचे सांगण्यात आले आणि आपण टाळ्या वाजविल्या. परंतु त्या स्वीकारण्यापूर्वी या खात्याची पहिली नोंद आपणांस सांगणे मला आवश्यक वाटते. ती नोंद जमेची नाही, नावेची आहे.

1987 सालची गोष्ट. पत्नी प्रसूतीसाठी रुग्णालयात होती. अतिरक्तस्राव झाला आणि डॉक्टरांनी दोन बाटल्या रक्ताची तातडीने व्यवस्था करण्यास सांगितले. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, धडधाकट होतो. दोघे थोरले बंधू सोबत होते. आम्हां तिघांपैकी एकानेही हात पुढे केला नाही. रक्त दिल्याने कायमची अशक्तता येते, पुढे कष्टाचे काम होत नाही, अशा ऐकीव समजुतींचा आमच्यावर पगडा होता. मी खिशातून पैसे काढले. बाहेर चहाच्या टपरीपाशी रक्त विकणारी माणसे बसत. त्यांपैकी दोघांना कोणीतरी बोलावून आणले. एक जण फारच कृश होता. त्याच्या कोपराच्या आतील बाजूस सुयांच्या व्रणांची रांग होती. पैसे हाती पडल्यावर त्याने इतकेच विचारले, "शेठ, चहाचे वेगळे द्याल का?"

पत्नी वाचली, कन्या सुखरूप जन्मली, आम्ही पेढे वाटले. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये म्हणून पाणी गाळून पिणारे आपण. आणि मी एका अर्धपोटी माणसाच्या देहातील रक्त विकत घेतले, तेही स्वतःच्या अंगचे वाचविण्यासाठी! त्या माणसाचे नावही मी विचारले नव्हते.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या जानेवारी महिन्यात महत्त्वाचा निकाल दिला आणि 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांकडून रक्त घेणे देशभर बंद झाले. योग्यच झाले. परंतु टपरीपाशी बसणारी माणसे गेली, तरी रुग्णांची गरज कमी झाली नाही. रक्त कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. त्या माणसांची रिकामी जागा आपण निरोगी, पोटभर जेवणाऱ्या माणसांनी भरून काढावयाची आहे.

मी पहिले रक्तदान 1988 साली केले. हात थरथरत होता. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 5 लिटर रक्त असते. त्यांतील 350 मिलिलिटर, आणि वजन 55 किलोपेक्षा अधिक असल्यास 450 मिलिलिटरपर्यंत रक्त घेतले जाते. सुई दहाएक मिनिटे हातात असते. रक्तातील द्रवभाग एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशी भरून येण्यास काही आठवडे लागतात. म्हणूनच पुरुषांनी 90 दिवसांनी व स्त्रियांनी 120 दिवसांनी पुन्हा रक्त द्यावे, असा नियम आहे. त्या दिवशी दुपारी मी दुकानात नेहमीसारखा गिऱ्हाईक करीत होतो.

आता आजच्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. आपण व्यापारी मंडळी आहोत, मालाचा हिशेब आपणांस समजतो. दिवाळीत न खपलेला ताका सेलमध्ये काढता येतो. रक्ताचे तसे नाही. तांबड्या पेशी 2 ते 6 अंश सेल्सिअस तापमानात 35 दिवस, विशिष्ट द्रावणात 42 दिवस टिकतात. प्लेटलेट्स तर अवघे 5 दिवस. अशा नाशवंत वस्तूचा साठा एकाच दिवशी भरून वर्षभर पुरेल कसा?

आपण बहुतेक सर्व जण आजच्याच मुहूर्तावर रक्तदान करतो. नंतर मे महिना उजाडतो. महाविद्यालयांना सुट्टी असते, माणसे गावी व लग्नकार्यात असतात. आजच्या पिशव्यांची मुदत संपत आलेली असते आणि आज रक्त देणाऱ्यांचे 90 दिवस भरलेले नसतात. म्हणजे मागणी उभी असताना आपला सबंध समाज एकाच वेळी अपात्र ठरतो! पुढे पर्युषण काळात अनेकांचे उपवास असतात आणि उपवास असलेल्या व्यक्तीचे रक्त घेतले जात नाही. नेमक्या त्याच पावसाळी दिवसांत डेंग्यूमुळे प्लेटलेट्सची मागणी वाढते. थॅलॅसेमियाग्रस्त बालकास तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते; त्याचे पंचांग आपल्या सणांप्रमाणे चालत नाही.

नियमित दात्याचे आणखीही महत्त्व आहे. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी व सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. तथापि संसर्ग नुकताच झाला असल्यास तो तपासणीतून निसटू शकतो. म्हणून अर्जावरील प्रश्नांची खरी उत्तरे देणारा दाता हीच पहिली चाळणी. भिडेने किंवा नातेवाइकांच्या दडपणाने आलेला माणूस आजार लपवितो. स्वेच्छेने वारंवार येणाऱ्यास लपविण्याचे कारण नसते. डॉक्टरांनी नकार दिल्यास अपमान मानू नये. एकदा माझे हिमोग्लोबिन 12.1 भरले. किमान 12.5 लागते, म्हणून मला परत पाठविले. 40 वेळा रक्त दिलेल्या माणसाला परत पाठवितात, याचा मला राग आला होता! डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घेतल्या, आहारात पालेभाज्या व कडधान्ये वाढविली आणि काही महिन्यांनी पुन्हा रांगेत उभा राहिलो. संयम हाही दानाचाच भाग आहे, हे मला त्या दिवशी उमगले.

म्हणून उद्घाटक या नात्याने मी एक विपरीत वाटणारी विनंती करीत आहे. आज नोंदणी केलेल्यांपैकी निम्म्या बंधू-भगिनींनी आज रक्त देऊ नये! त्यांनी आपले नाव, रक्तगट व दूरध्वनी क्रमांक ट्रस्टच्या वहीत लिहावा आणि मे महिन्यातील किंवा पावसाळ्यातील एक तारीख घ्यावी. मंदिरातील अभिषेकाचे वार जसे आपण घराघरांत वाटून घेतो, तसेच रक्तदानाचे वार वाटून घेऊ. उपवासांचे दिवस आधी पाहून तारखा ठरवू. आजच्या पिशव्यांचा आकडा त्यामुळे घटेल आणि वृत्तपत्रातील बातमी लहान होईल. होऊ द्या. रुग्णास आकडा चढविला जात नाही, वेळेवर मिळालेली पिशवी चढविली जाते. आपल्या परंपरेत अभयदान श्रेष्ठ मानले आहे. मध्यरात्री रक्तपेढीच्या खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसास "रक्त आहे" हे दोन शब्द ऐकावयास मिळणे, याहून मोठे अभय कोणते?

शेवटी थोडे स्वतःविषयी. रक्तदानाची वयोमर्यादा 65 वर्षे आहे. लवकरच माझे हे खाते बंद होईल. 91 नोंदी जमेला आहेत. तरी 1987 सालची ती एक नोंद अद्याप फिटली, असे माझे मन म्हणत नाही. माझे खाते बंद झाले तरी आपल्या समाजाचे खाते चालू राहावे, एवढीच इच्छा आहे. त्या रात्री जन्मलेली माझी कन्या आज येथे उपस्थित आहे. तीही नियमित रक्तदाती आहे. परंतु आज ती रक्त देणार नाही. आपल्या नव्या वहीत पहिले नाव तिचे आहे आणि तिने मे महिन्याची तारीख घेतली आहे.