सरकारी आकड्यांचा पत्ता

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आधीच सांगून टाकतो, आम्ही वक्ते नाही. आम्ही सहा जण आहोत. आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअर लिहितो आणि महिन्यातले दोन रविवार एका सूचीवर घालवतो. गाण्यांच्या कार्यक्रमाच्या मध्येच आम्हाला पंधरा मिनिटं देण्याचं धाडस कार्यकारिणीने केलं, त्याबद्दल आभार.

सूची कसली, तर महाराष्ट्रातल्या गावांविषयी सरकार जी आकडेवारी खुली करतं, ती महाजालावर नेमकी कुठे सापडते, कुठल्या वर्षाची आहे, गावापर्यंत जाते की तालुक्यावरच थांबते, याची. आकडे आमच्याकडे नाहीत. पत्ते आहेत. पूर्वी घरात टेलिफोन डिरेक्टरी असायची ना, तसंच काहीसं.

आता मदतनिधीच्या कार्यक्रमात हे कशाला? तर आपण इथे जे डॉलर गोळा करतो, ते तिकडे एखाद्या विहिरीचा गाळ काढायला, एखाद्या शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय करायला जातात. त्यासाठी प्रस्ताव येतात. आणि प्रस्ताव कुठून येतात? ज्या गावात चांगलं पत्र लिहिणारा माणूस आहे तिथून! कुणाचा तरी भाचा पुण्यात असतो, तो छान इंग्रजीत ई-मेल करतो, चार फोटो जोडतो, आणि आपण विरघळतो. त्याच तालुक्यात दहा किलोमीटरवर जास्त तहानलेलं गाव असू शकतं, पण त्या गावाचा भाचा नसतो. त्या गावाच्या वतीने बोलणारं काही असेलच तर ते सरकारी दप्तरातले आकडे. ते आकडे समितीच्या टेबलावर आणायचे कसे, इथून हा उद्योग सुरू झाला.

माहिती खुली नाही असं नाही हं. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या चौथ्या कलमात सरकारी कार्यालयांनी बरीचशी माहिती कुणी मागण्याआधीच प्रसिद्ध करावी असं म्हटलं आहे. मग २०१२ साली केंद्र सरकारने आकडेवारी खुली करण्याचं धोरण आणलं आणि डेटा डॉट गव्ह डॉट इन हे संकेतस्थळ सुरू झालं. गंमत म्हणजे त्यामागची प्रणाली भारत आणि अमेरिका या दोन सरकारांनी मिळून बनवली होती. म्हणजे आपल्या दोन्ही घरांचा त्यात हात आहे!

पण सगळं एकाच ठिकाणी मिळतं असा जर समज असेल तर तो सोडा. विहिरींच्या पाण्याची पातळी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे. पाऊस कृषी खात्याकडे, महसूल मंडळवार (हे मंडळ वेगळं, तिथे नाटकं होत नाहीत). शाळेत नळ, वीज, स्वच्छतागृह आहे का, हे शिक्षण खात्याच्या यू-डायसमध्ये, प्रत्येक शाळेच्या अकरा आकडी क्रमांकाखाली. लोकसंख्या जनगणनेत, आणि तीही २०११ ची, कारण २०२१ ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही.

हे सगळं एकमेकांना जोडायला गेलं की खरी मजा येते. आपल्याकडे वडगाव किती, पिंपळगाव किती, मोजायला बसू नका. त्यात बुद्रुक आणि खुर्द. इंग्रजी तक्त्यात ते 'बी.के.' आणि 'के.एच.' होतात, काही तक्त्यांत तेवढंही लिहिलेलं नसतं. एका प्रस्तावात गावाचं नाव होतं, पण बुद्रुक की खुर्द ते नव्हतं. दोन्ही गावं एकाच तालुक्यातली, मध्ये एक ओढा. पैसे जायच्या आधी फोन करून विचारलं म्हणून बरं. तेव्हापासून सूचीत प्रत्येक नोंदीपुढे लिहितो: इथे गावाचा सांकेतिक क्रमांक आहे की नुसतं नाव?

जिल्ह्यांचंही तसंच. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, म्हणजे २०११ च्या जनगणनेत जव्हार-मोखाडा शोधायचं तर ठाण्यात जा. उस्मानाबाद आणि धाराशिव हे एकच, हे आपल्याला कळतं, संगणकाला कुणीतरी सांगावं लागतं. आणि जुने मराठी तक्ते युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टांतले. पडद्यावर सुरेख मराठी दिसतं, कॉपी करून दुसरीकडे टाकलं की ब्रह्मलिपी! ते कुणीतरी बसून टाइप करायचं, दुसरा इलाज नाही.

सगळ्यात मोठी मदत मात्र आम्हाला कुठल्या संगणकवाल्याकडून झाली नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आई-बाबा येतात. त्यातले एक काका महसूल खात्यातून निवृत्त झालेले. 'पैसेवारी' नावाचा रकाना पाहून आमच्यातल्या एकाने विचारलं, "काका, हे पैसे कुणाला मिळाले?" काका पोट धरून हसले. मग त्यांनी समजावलं की ही पिकाची बोली आहे. पन्नास पैशांच्या खाली म्हणजे निम्मंही पीक हाती आलं नाही. आणि ती एकदा ठरत नाही: आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. एकाच गावाचे एकाच हंगामात तीन आकडे! कुठला तक्ता कुठल्या टप्प्याचा, हे लिहिलं नसेल तर त्या पत्त्याचा उपयोग काय? काकांनी दोन दुपारी बसून अशा वीसेक नोंदींपुढे टिपा लिहून दिल्या. काकू म्हणाल्या, रिटायर झाल्यापासून इतके खूश प्रथमच दिसताहेत.

भूजलाच्या नोंदींनाही अशीच टीप लागते. निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात. पावसाळा संपल्यावरचा आकडा बघून "पाणी भरपूर आहे" म्हणालात, तर मे महिन्यात त्याच गावात टँकर उभा असेल. म्हणून महिना लिहायचा. यू-डायसची माहिती शाळेने स्वतःच भरलेली असते, तेही लिहायचं. आकड्यावर अविश्वास म्हणून नव्हे, तो कुठून आला हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून.

सूची बनवायला फार वेळ लागला नाही. दोन लाँग वीकएण्ड, भरपूर चहा, एक साधं स्प्रेडशीट. ती जिवंत ठेवणं हे खरं काम. सरकारी संकेतस्थळ नवं झालं की जुने दुवे तुटतात. दर आठवड्याला सगळे पत्ते तपासणारा एक छोटा प्रोग्राम आम्ही लिहिला. पण कित्येकदा पत्ता 'चालू' दिसतो आणि उघडल्यावर मुखपृष्ठावर मंत्रिमहोदयांचा फोटो तेवढा असतो, तक्ता गायब. ते प्रोग्रामला कळत नाही, माणसाने उघडून बघावं लागतं. शिवाय काही संकेतस्थळं भारताबाहेरून उघडतच नाहीत. इथून बंद दिसतात, पुण्याहून चालू. म्हणून नोंदीपुढे शेवटच्या तपासणीची तारीख असते, आणि तपासणाऱ्याचं गाव इथलं की तिकडचं, तेही.

हे फक्त तिकडचंच दुखणं आहे असं मानू नका. २००९ च्या मे महिन्यात इथलं डेटा डॉट गव्ह ४७ संचांनिशी सुरू झालं तेव्हा केवढं कौतुक झालं होतं. आणि २०२५ च्या जानेवारीअखेर सीडीसीच्या संकेतस्थळावरची काही पानं आणि आकडे रातोरात काढले गेले. न्यायालयाच्या आदेशानंतर त्यातली काही परत आली. फेब्रुवारीत हार्वर्ड लॉ स्कूलच्या ग्रंथालयातल्या मंडळींनी डेटा डॉट गव्हची प्रत प्रसिद्ध केली, ३ लाख ११ हजारांहून जास्त संच, १६ टेराबाइट. डेटा डॉट गव्ह ही मुख्यतः सूचीच आहे. आकडे त्या त्या खात्याकडे असतात. नुसता पत्ता जपून भागत नाही, हे तेव्हा आम्हीही मनावर घेतलं. आता महत्त्वाच्या तक्त्यांची, जिथे परवानगी आहे तिथे, तारखेसह एक प्रत ठेवतो.

तर मागणं असं. चेक तुम्ही देणारच आहात, तो द्याच. त्याशिवाय दहा नोंदी दत्तक घ्या. महिन्यातून एकदा त्या उघडून बघायच्या, तारीख टाकायची, काही बदललं असेल तर दोन ओळी लिहायच्या. तासाभराचं काम आहे, संगणकाचं शिक्षण लागत नाही. भारतात बहीण-भाऊ असतील तर त्यांना पाच नोंदी द्या, तिकडूनच उघडणाऱ्या. आणि या उन्हाळ्यात ज्यांच्याकडे तलाठी, ग्रामसेवक, मुख्याध्यापक, पाटबंधारे खात्यातले आई-बाबा किंवा सासू-सासरे येणार आहेत, त्यांनी आम्हाला आधी कळवा. जेवणाचा डबा आम्ही आणू.

मराठवाड्याच्या नोंदींना सध्या वाली कमी आहे, तिथून सुरुवात केलीत तर उत्तम. यादीचा कागद बटाटेवड्यांच्या टेबलाशेजारी ठेवला आहे. पेन एकच आहे, तेवढं खिशात घालून नेऊ नका.